सात कमी, पण कशातून?

"ताई, मी नववीला आहे, डिचोलीकडची. पहिल्या टर्मला मराठीत ८० पैकी ७१ आणि गणितात १९. निबंध स्पर्धेत माझा नंबर येतो, कविता करते, पण गणिताचा पेपर हातात आला की हात थंड पडतात आणि येत असलेलं पण विसरतं. सर म्हणतात भाषेत डोकं चालतं मग इथंच का चालत नाही, म्हणजे आळस. बाबांनी माझी कवितांची वही कपाटात घालून कुलूप लावलंय, दहावी होईपर्यंत लिहिणं बंद. गंमत म्हणजे संध्याकाळी बाबांच्या पसऱ्यावर, म्हणजे दुकानावर, मीच बसते आणि तिथं हिशेब चुकत नाही. चौथीपर्यंत मराठी शाळेत होते तेव्हा गणित बरं होतं. माझं डोकंच गणिताचं नाही का? आर्ट्सला गेले की सुटेन का? पेपरच्या दोन पानांचे फोटो पाठवतेय, हसू नका."

अगो बाय, हसले नाही. फोटो मात्र तीनदा मोठे करून बघितले आणि दुसऱ्या पानावरच्या एका प्रश्नापाशी आल्यावर चहाचा कप बाजूला ठेवला, कारण तुझ्या अख्ख्या पत्राचं उत्तर मला तिथंच दिसलं.

प्रश्न होता, सेव्हन लेस दॅन ट्वाइस अ नंबर इज फिफ्टीन, फाइंड द नंबर. तू लिहिलंस ७ − २क्ष = १५. मग सात पलीकडं नेलास, −२क्ष = ८ केलंस, क्ष = −४ काढलास, आणि शेजारी सरांचा लाल भोपळा. आता नीट बघ हं. तू जे समीकरण मांडलंस त्याचं उत्तर −४ च आहे, ताळा करून बघ, ७ मधून −८ वजा म्हणजे ७ अधिक ८, पंधरा. वजाचं चिन्ह पलीकडं नेताना निम्मा वर्ग घसरतो, तू नाही घसरलीस. गणित बरोबर सोडवलंस, फक्त भलतंच सोडवलंस. इंग्रजी वाक्यात सेव्हन आधी येतो म्हणून तूही सात आधी लिहिलास, ऐकलं तसं डावीकडून उजवीकडं.

आता तेच मराठीत मोठ्यानं म्हण. एका संख्येच्या दुपटीपेक्षा सात कमी म्हणजे पंधरा. आधी संख्या आली, मग तिची दुप्पट, मग त्यातले सात गेले, उरले पंधरा. २क्ष − ७ = १५. मराठी वाक्य ज्या ओळीनं चालतं त्याच ओळीनं समीकरण खाली उतरलं की नाही? क्ष येतो अकरा. अकराची दुप्पट बावीस, सात गेले, पंधरा. भोपळ्याच्या जागी पूर्ण मार्क, आणि ते मिळवायला तुला गणितातलं नवीन काहीच शिकावं लागलं नाही.

हे तुझ्या एकटीचं नाही. आपल्या गोव्यात किती मुलं सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून नाहीतर कोकणीतून शिकतात आणि पाचवीला गेली की एकदम सगळं इंग्रजीतून. इतिहास भूगोलात मूल अडखळलं तर लगेच कळतं, कारण त्याला वाक्यच लिहिता येत नाही. गणितात लपून राहतं. आकडे तर तेच आहेत ना, असं म्हणून सगळे पुढं जातात. पण चौथीपर्यंत तू अंश आणि छेद म्हणत होतीस ते एका सुट्टीत न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर झालं, आणि कुणी दोन मिनिटं थांबून सांगितलं नाही की बायो, हे तेच आहे. तू स्वतःच लिहिलंयस चौथीपर्यंत बरं होतं. मग डोकं पाचवीत कुणी बदलून नेलं काय?

बरं, सगळा दोष इंग्रजीवर ढकलून मी तुला मोकळी करणार नाही, कारण पहिल्या पानावर खरी चूक आहे. १/२ + १/४ = २/६. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. ही नववीची चूक नाही, पाचवी-सहावीतली आहे, आणि तेव्हापासून तुझ्याबरोबर वर्ग चढत चढत आलीय, कारण टर्म संपली की धडा संपतो, कुणी मागं वळून बघत नाही. पण मला सांग, पसऱ्यावर कुणी अर्धा किलो साखर मागितली आणि मग म्हणाला अजून पावकिलो घाल, तर तू काय म्हणतेस? पाऊण किलो झाली. बरोबर? २/६ म्हणजे एक तृतीयांश, म्हणजे अर्ध्यापेक्षाही कमी! अर्ध्या किलोत पाव घातल्यावर साखर कमी झाली असं गिऱ्हाइकाला सांगशील तर तो तुला तागडीसकट उचलून न्हेल. पसऱ्यावर तू असं कधीच करणार नाहीस, वहीत मात्र केलंस, कारण वहीत १/२ दिसल्यावर तुला 'अर्धा' ऐकू येत नाही, दोन आकडे आणि मधे एक रेघ एवढंच दिसतं.

आणि आपली भाषा ह्या बाबतीत केवढी श्रीमंत आहे बघ. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, औट म्हणजे साडेतीन. पूर्वी तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घ्यायचे, घरात ऐंशीच्या पुढची कुणी आजी असेल तर विचारून बघ, एखादा अजून येत असेल. एकोणतीस म्हणतेस तेव्हा तू तिसाला एक उणे म्हणत असतेस. म्हणजे तुझं गणित तुझ्या तोंडात आहे, ते वहीत उतरवायची वाट पाचवीपासून बुजलीय, तेवढी साफ करायचीय.

पसऱ्यावर हिशेब येतो आणि पेपरात येत नाही ह्याचा अभ्यासही झालाय. १९८५ साली छापून आला, ब्राझीलच्या रेसिफे शहरातला (तिथली भाषा पोर्तुगीज, म्हणजे आपल्या पणज्यांना ओळखीची). बाजारात माल विकणारी मुलं, नऊ ते पंधरा वयाची, आणि संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. एका बारा वर्षांच्या पोराला विचारलं, दहा नारळ कितीला. एक नारळ ३५ ला. पोरगा म्हणाला, तीनचे १०५, अजून तीन, २१०, अजून चार पाहिजेत... ३१५... ३५०. शून्य लावायची युक्ती त्यानं वापरलीच नाही, नारळ हातात घेतल्यासारखे तीन तीन मोजत गेला. बाजारात ह्या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग तशीच गणितं कागद पेन्सिल देऊन घातली. गोष्ट सांगून घातलेली ७४ टक्के बरोबर आली आणि नुसते कोरडे आकडे मांडून दिलेली फक्त ३७ टक्के. मुलं पाचच होती, हे पण सांगते, त्यामुळं त्यावरून जगाचा नियम काढू नकोस, पण तुझ्या सरांनी आळस म्हणण्याआधी हा किस्सा ऐकायला हरकत नाही.

पण नुसत्या पसऱ्यावर भागणार नाही हं. पेपरात स्टेप्सना मार्क असतात, आणि पुढं क्ष चे वर्ग यायला लागले की तागडीवर काही तोलता येत नाही. म्हणून दोन्हीच्या मधे एक वही पाहिजे. कवितांची नाही, ती मिळेल तेव्हा मिळेल. ह्या वहीत रोज फक्त दोन गणितं, आणि प्रत्येकाआधी तो प्रश्न तुझ्या मराठीत लिहायचा, पुस्तकी नको, तू बोलतेस तशी, 'रामाकडं शामाच्या तिप्पट काजू, दोघांचे मिळून साठ' अशी. मग त्या वाक्याखाली शब्दामागून शब्द चिन्हं ठेवत जायचं. शामाकडं क्ष, रामाकडं ३क्ष, दोघांचे मिळून म्हणजे अधिक, साठ म्हणजे बरोबर साठ. आणि उत्तर आलं की परत वाक्यात घालून वाचायचं, शामाकडं पंधरा, रामाकडं पंचेचाळीस, पटतंय का. हे शेवटचं वाचणं बहुतेक मुलं गाळतात, तू मात्र निबंध लिहून झाल्यावर परत वाचतच असशील, तीच सवय इकडं आण. सुरुवातीला एका गणिताला पंधरा मिनिटं लागतील, लागूदेत. महिन्याभरात मधलं मराठी वाक्य डोक्यातच व्हायला लागेल, मग कागदावर लिहायची गरज पडणार नाही. पेपर इंग्रजीत, विचार मराठीत, कोण अडवतंय?

जुने पेपर काढून चुका वेगळ्या कर. वाचण्यात चुकलं, माहीतच नव्हतं, का घाई झाली. माझा अंदाज, तुझा पहिला ढीग सगळ्यात मोठा निघेल आणि 'माहीतच नव्हतं' मधे अपूर्णांक आणि त्यांची पिलावळच असेल, म्हणजे टक्के, गुणोत्तर वगैरे. त्यासाठी नववीचं गाईड नको, शेजारच्या कुणाचं तरी पाचवी-सहावीचं पुस्तक आण. लाज वाटत असेल तर त्या पोराला शिकवते म्हणून आण, आणि खरंच शिकव. ट्यूशनबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण लावणार असाल तर वीस-पंचवीस पोरांची बॅच तुझ्या कामाची नाही, तिथं परत नववीपासूनच सुरू होईल.

आता थंड हात. भीती वाटते तेव्हा डोक्याची जी जागा आकडे धरून ठेवायला लागते तीच जागा 'आता काय होणार, बाबा काय म्हणतील' ह्यानं भरून जाते, म्हणून येणारं विसरतं. त्यात आळसाचा काही संबंध नाही. शिकागोच्या रामिरेझ आणि बायलॉक ह्या संशोधकांनी २०११ साली सायन्स जर्नलमधे एक साधा प्रयोग छापला, परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं मुलांना परीक्षेबद्दल जे जे वाटतंय ते लिहून काढायला सांगितलं, आणि घाबरणाऱ्या मुलांचे मार्क त्यानं सुधारले. सगळ्यांना सारखाच गुण येईल असं नाही, पण बाकीच्या पोरांना हे औषध कडू लागेल, तुला तर गोडच. शाळेत पोचलीस की पायरीवर बसून एका चिठोऱ्यावर लिही, मला भीती वाटतेय की, आणि लिहीतच जा, मग तो कागद फाडून टाक आणि आत जा. तो चिठोरा घेऊन आत शिरू नकोस म्हणजे झालं.

एक गोष्ट बाकीच्या वाचकांसाठी, कारण असं पत्र आलं की मागोमाग दहा आया लिहितात. काही मुलांना खरंच आकड्यांची अडचण असते, डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. लहानपणापासून दोन आकड्यांत मोठा कुठला हे चटकन कळत नाही, घड्याळ वाचता येत नाही, सुट्टे पैसे मोजताना गोंधळ, आणि कितीही सराव केला तरी परत तेच. हा आळस नाही आणि बुद्धी कमी असणंही नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते नाव घेऊन धरलंय, आणि तपासणी करून सर्टिफिकेट मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात. शंका असेल तर शाळेतल्या काउन्सेलरना भेटा, बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार इस्पितळ आहे. तू पसऱ्यावर सुट्टे बिनचूक देतेस, त्यामुळं तुझ्या बाबतीत मला तसं वाटत नाही, पण सहा महिने मनापासून करून काहीच हललं नाही तर तूही जा, त्यात लाजायचं काय.

आता आर्ट्स. आवड म्हणून जात असशील तर खुशाल जा, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात मराठीत एमए पर्यंत करता येतं, मी आनंदानं पेढे खाईन. पण गणितापासून पळून म्हणून जाऊ नकोस, ते तिथं दारातच उभं असतं. माझंच सांगते. आठवीत मी गणितात नापास, आमचे एक मास्तर मार्क मोठ्यानं वाचायचे, माझा आकडा आला की जरा थांबून चष्मा पुसायचे. मी भाषा घेतली, सुटले म्हटलं, आणि पुढं एका पेपरच्या डेस्कवर लागले. पहिल्याच निवडणुकीच्या रात्री बातमी आली, समज ४० च्या विधानसभेत एका पक्षाच्या जागा १६ वरून २० झाल्या. मी हेडिंग दिलं, जागांमध्ये दहा टक्के वाढ. चाळिसातले १६ म्हणजे ४० टक्के, २० म्हणजे ५०, पन्नासातून चाळीस गेले दहा, झालं. सकाळी संपादकांनी बोलावलं. सोळावर चार वाढले बाई, ती पंचवीस टक्के वाढ, दहा हा टक्केवारीतला फरक, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याकरणाची एक चूक नसलेलं हेडिंग, आणि साफ खोटं. त्या दिवसानंतर मी बत्तिसाव्या वर्षी सहावीचं पुस्तक आणलं, म्हणून तुला आत्ताच आण म्हणतेय.

इथून पुढचं बाबांना वाचून दाखव.

बाबा, नमस्कार. तुमची काळजी खरी आहे, १९ मार्क बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण वहीला कुलूप लावल्यानं तो वेळ गणिताकडं जात नाही, तो वेळ कपाटाकडं बघण्यात जातो. शिवाय तुम्ही ज्याला कुलूप लावलंय त्यात गणितच आहे. तुमची मुलगी वृत्तात लिहिते का बघा. अक्षर लघु तरी नाहीतर गुरू तरी, दोनच प्रकार, आणि तीन अक्षरांचा एक गण. मग गण किती? दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. यमाताराजभानसलगा म्हणून शाळेत पाठ करतात ते हेच. मनाचे श्लोक तुम्हीही लहानपणी म्हटले असतील, ते भुजंगप्रयात, एका ओळीत य गण चार वेळा, लघु-गुरू-गुरू, म्हणजे बारा अक्षरं आणि लघूची एक, गुरूची दोन धरून वीस मात्रा. हे बोटांवर मोजत बसणाऱ्या मुलीला डोकं नाही असं कसं म्हणणार? आपल्या गोव्यात १९०७ ला जन्मलेले दामोदर कोसंबी, टाटा इन्स्टिट्यूटमधले गणिती, त्यांनीच भर्तृहरीच्या संस्कृत श्लोकांची चिकित्सक आवृत्ती (जुनी हस्तलिखितं ताडून केलेली) केली, गणित आणि भाषा एकाच टेबलावर. तिनं कोसंबी व्हावं असं कुणी म्हणत नाही. पण एक करायचं तर दुसरं सोडायला पाहिजे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

सौदा करा, दुकानदार आहात. रोजची दोन गणितं वाक्यासकट करून दाखवली की वही तासभर तिच्या हातात, आणि पुढच्या निबंध स्पर्धेचा फॉर्म भरायचा. मार्कांवर सौदा करू नका, मार्क तिच्या हातात नाहीत, दोन गणितं आहेत. आणि दुकानात बसल्या बसल्या तिला विचारा, सव्वा किलो ४८ च्या भावानं किती. ती साठ म्हणेल, मग म्हणा आता कागदावर लिहून दाखव कसं आलं. एवढंच रोज एकदा, ओरडता.

ओरडता नव्हे, न ओरडता. (बघा, एक अक्षर गळलं की हिशेब असा उलटा होतो, मुद्दाम तसंच ठेवलं.)

तर बायो, सरांना तो ७ − २क्ष वाला पेपर परत नेऊन दाखव, भांडायला नको, फक्त सांग की मी वाक्य असं वाचलं होतं. चांगले सर असतील तर पुढच्या वेळी फळ्यावर लिहिताना मराठीतून पण एकदा म्हणतील, आणि वर्गातल्या अजून पाच-सहा जणांचा भोपळा वाचेल. आपल्या आठ गणांसारखं, चार अक्षरांचा गण केला तर किती होतील ते काढ आणि मला कळव, सगळे एकाखाली एक लिहून, नुसता आकडा नको. आणि वही कपाटातून बाहेर येईपर्यंत पसऱ्यावर बिलबुकं असतातच ना, त्यांची मागची बाजू कोरी असते.